घड्याळांचा पाहुणचार

माझ्या दुकानात येऊन वेळ विचारणारी माणसं मला जन्मभर भेटली. इथं भिंतभर घड्याळं टांगलेली आहेत, तेव्हा इथल्याइतकी पक्की वेळ गावात दुसरीकडं कुठं मिळणार, असं त्यांना वाटायचं. खरी गोष्ट अशी की दुरुस्तीच्या दुकानात दोन घड्याळांचं कधी पटत नाही. एक नुकतंच साफ केलेलं असतं, एकाची कमान बदललेली असते, एक नुसतं चालतंय का ते बघायला लावलेलं असतं. कुणी विचारलं की मी पायरीवर येऊन सावली बघायचो आणि अंदाजानं सांगायचो. ह्याला स्वतःच्या मालाचा भरवसा नाही, असं लोक म्हणायचे. नव्हताच.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा, अशी गळ घातली गेली म्हणून बसलो आहे. दुकान कधी काढलं आणि कधी मिटवलं हे सांगून कुणाचं काही भलं व्हायचं नाही. आता सेलवरची घड्याळं आली, ती बंद पडली की लोक फेकून देतात, त्यावर रडगाणं गायचीही मला हौस नाही. निजामाच्या राजवटीतल्या शेवटच्या वर्षांत धाराशिवात आमची घड्याळवेड्यांची एक मंडळी होती. तिच्याबद्दल लिहिणारा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही, म्हणून तेवढं लिहितो.

आधी धंद्याची थोडी ओळख. बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं हे काम गूढ नसतं. घड्याळात एक गुंडाळलेली कमान असते. ती उलगडत जाते आणि चाकं फिरवते. ती एकदम उलगडू नये म्हणून खाली लंबक असतो. एका झोक्याला चाकाचा एक दात सोडायचा, एवढंच त्याचं काम. भिंतीवरचं घड्याळ जरा तिरपं टांगलं गेलं की झोके सारखे पडत नाहीत. ‘टिक’ लवकर येतो आणि ‘टक’ रेंगाळतो. ह्याला आम्ही घड्याळ लंगडतंय असं म्हणायचो. लंगडणारं घड्याळ थोड्या वेळानं बंद पडतं, आणि मालक ते फडक्यात बांधून माझ्याकडं घेऊन येतो. माझ्या दुकानात सरळ टांगलं की ते लगेच चालू लागतं. अशी कितीतरी घड्याळं मी काही न करता परत दिली आणि दोष तुमच्या भिंतीचा आहे, म्हणून सांगितलं. मालक नाराज होऊ नये म्हणून काच तेवढी चकचकीत पुसून द्यायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. तेरखेड्याचे शोभेच्या दारूचं काम करणारे एक गृहस्थ एकदा घड्याळ घेऊन आले. मागचं झाकण उघडलं तर चाकांवर काळी धूळ बसलेली. मी वास घेतला आणि हातातलं भिंग खाली ठेवलं. सगळी बारूद होती. शेजारी विडी ओढत बसलेल्या पानवाल्याला आधी उठवलं, मग घड्याळ रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेऊन कुंचल्यानं हळूहळू झाडलं. गृहस्थांना ह्यात विशेष असं काही वाटलं नाही. त्यांच्या घरी ती भाकरीच्या पिठातही असायची म्हणे.

आमची मंडळी जमली ती पेशकारसाहेबांमुळं. त्यांचं नाव अब्दुल गफूर. कचेरीत हाकिमापुढं कागद मांडायची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. नोकरी सुटली तरी पेशकार हे नाव काही सुटलं नाही. एकुलती एक मुलगी, ती हैदराबादेत दिलेली. घरी दोघंच नवराबायको आणि बैठकीच्या भिंतीवर ओळीनं टांगलेली घड्याळं. हातात चार पैसे आले की लोक जमीन घेतात, हे घड्याळ घेऊन यायचे. बेगमसाहेबांनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं. नव्या घड्याळासाठी खिळा कुठं ठोकायचा, तेवढं त्या बोटानं दाखवायच्या.

दुसरे भगवानराव पाटील, बेंबळीच्या वाटेवरच्या एका गावचे. मोठं खटलं, बरीच जमीन आणि घरात घड्याळ एकच. पण त्या एकापुढं पाटलांना पेशकारसाहेबांची अख्खी भिंत फिकी वाटायची. त्यांच्या वडिलांनी ते सोलापूरहून बैलगाडीत, कडब्यात बसवून आणलं होतं. वडील महाकाटकसरी. गरजेवाचून त्यांनी जन्मात काही घेतलं नाही, एवढं एक घड्याळ सोडून. खळ्यावरून दमून आले की ते त्याच्यासमोर नुसते बसून राहायचे. ते गेल्यावर भावकीनं भांडीकुंडी वाटून घेतली आणि पाटलांनी घड्याळ मागून घेतलं. त्याचे टोले पडले की दादा, म्हणजे वडील, खाकरल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे.

तिसरे दिगंबर मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्याकडं एक गजराचं घड्याळ होतं आणि ते पालथं ठेवल्यावरच चालायचं. मास्तर खरं तर मंडळीत यायचे ते बाकीच्यांचे वाद ऐकायला.

बाजारच्या दिवशी दुपारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसायचो. कुणीतरी एखादं घड्याळ आणलेलं असायचं. ते खुंटीला टांगायचं, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि टोले पडेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. टोले पडले की मग चाल कशी आहे, आवाज कसा आहे, कमान थकली आहे का, ह्यावर चहा निवेपर्यंत चर्चा. त्या काळात चार माणसं एकत्र बसलेली सरकारला खपत नसत. सभेला परवानगी लागायची. एकदा एक पोलीस जवान चौकशीला आला आणि बघतो तर चार बाप्ये डोळे मिटून गप्प बसलेले. पेशकारसाहेबांनी ओठावर बोट ठेवून त्याला बसायची खूण केली. टोले पडेपर्यंत तो बिचारा अंग चोरून बसून राहिला. त्यानं वर काय कळवलं कोण जाणे, पण पुढच्या बाजारला तो सासऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन हजर झाला.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतला तो जादा तास आला. सरकारी घड्याळं तासभर पुढं करायचा हुकूम निघाला. पेशकारसाहेब जुने कचेरीवाले, त्यांनी त्याच दिवशी भिंतीवरची सगळी घड्याळं पुढं केली. पाटलांनी केलं नाही. सूर्य काही फर्मान वाचून उगवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मंडळीत दोन वेळा झाल्या. पाटील घाम पुसत आत यायचे तेव्हा पेशकारसाहेब घरी जायला निघालेले असायचे.

लढाई संपली आणि तो तास परत घ्यायची वेळ आली. टोल्यांचं घड्याळ मागं घ्यायचं तर साधा उपाय असतो. लंबक धरायचा, तासभर घड्याळ बंद ठेवायचं आणि मग सोडायचं. काटे मागं फिरवायचे नाहीत. टोल्यांचं चाक काट्यांकडं बघत नाही. मघाशी तीन वाजवले, आता चार वाजवायचे, एवढंच त्याला कळतं. पेशकारसाहेबांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण त्यांचं एक लाडकं घड्याळ होतं आणि ते घरी आल्यापासून कधी थांबलेलं नाही, ह्याचा त्यांना फार अभिमान. चालत्या घड्याळाचा लंबक आपल्या हातानं धरणं त्यांच्यानं होईना. त्यांनी काटा मागं घेतला. घड्याळावर जीव लावणारा माणूसच असली चूक करतो. त्यांनी मोठ्या आनंदानं आम्हाला घरी चहाला बोलावलं. आम्ही डोळे मिटून बसलो, तीन वाजले आणि घड्याळानं चार टोले दिले.

पाटील इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. पेशकारसाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, माझं चुकलं ते एका बोटानं सुधारेल, पण तुमचं घड्याळ लंगडतं. हुरड्याला तुमच्या घरी आलो होतो तेव्हाच ऐकलं होतं, पाहुणा होतो म्हणून बोललो नाही. वडिलांच्या घड्याळाला लंगडं म्हटलेलं पाटलांना कसं सोसावं? ते चहा तसाच टाकून उठले. टोले मी तिथल्या तिथं सुधारून दिले, पण माणसं सुधारेनात. दोघं बाजारच्या दिवशी यायचे आणि माझ्याशी बोलायचे, एकमेकांशी नाही.

तोड मास्तरांनी काढली. दोष घड्याळाचा की भिंतीचा, हे ठरवायचं तर घड्याळ दुसऱ्याच्या भिंतीला टांगून बघावं. पाटलांचं घड्याळ पेशकारसाहेबांकडं आणि पेशकारसाहेबांचं लाडकं घड्याळ पाटलांकडं, ह्या सुगीपासून पुढच्या सुगीपर्यंत. कायदेही मास्तरांनीच केले. घड्याळ पाहुणं म्हणून जाईल. किल्ली मालकाच्या ठरलेल्या वारी द्यायची, पाटलांच्याला सोमवारी पूजेच्या वेळी, पेशकारसाहेबांच्याला शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर. आणि मुदत संपली की ज्यानं ठेवून घेतलं त्यानं स्वतःच्या हातानं आणून द्यायचं; गड्याबरोबर पाठवायचं नाही. त्या दिवशी पेशकारसाहेबांनी बिस्मिल्ला म्हणून आपल्या घड्याळाचा लंबक पहिल्यांदा धरला, आणि आम्ही सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं.

पाटलांचं घड्याळ पेशकारसाहेबांच्या भिंतीवर सरळ चालीनं चाललं. म्हणजे दोष भिंतीचा. पाटलांनी गावाकडं खिळा बदलला, पेशकारसाहेबांनी माफी मागितली, आणि पाहुणचाराचा रिवाजच पडून गेला. दर सुगीला ही दोन घड्याळं आपापल्या घरी परत यायची आणि चार दिवसांनी पुन्हा एकमेकांच्या घरी राहायला जायची. बैलगाडीत मांडीवर घड्याळ घेऊन चाललेले पाटील बघून रस्त्यातली माणसं विचारायची, कुणाचं लेकरू नेताय म्हणून. बेगमसाहेब त्या गाडीतून हुरडा मागवायच्या आणि परतीच्या गाडीत शीरखुर्म्याचा डबा बसायचा.

मग ते वर्ष आलं. रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं सरकली. पाटलांनी बायकामुलं तिकडं पोचवली आणि स्वतः वस्तीवर राहिले. पेशकारसाहेबांचं घड्याळ तेव्हा पाटलांकडंच होतं. ते त्यांनी गोधडीत गुंडाळून कडब्याच्या गंजीत दडवलं. मंडळी बसायची बंद झाली. पेशकारसाहेब तेवढे एकटे बाजारच्या दिवशी येत, पाटलांची काही खबर आहे का ते विचारत आणि आपणच काही केल्यासारखे मान खाली घालून जात. पावसाळा सरत आला तेव्हा पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि भीतीनं घर बदललं. आता पेशकारसाहेबांसारख्यांनी दारं लावून घेतली. एक दिवस त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. पुढं कुलूपही दिसेना.

मी आत जाऊन बघितलं. बैठकीत नुसते खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्याखाली घड्याळाएवढा चुना पांढरा राहिलेला. एकही घड्याळ नव्हतं. ज्या खिळ्याला पाटलांचं घड्याळ असायचं तोही रिकामाच. कुणी काय नेलं ते मी विचारलं नाही. विचारण्याचे ते दिवस नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती.

पाटील धाराशिवला आले तेव्हा मी त्यांना जे दिसलं ते सांगितलं. त्यांनी पेशकारसाहेबांचं विचारलं, बेगमसाहेबांचं विचारलं. कुणी म्हणायचं हैदराबादेला गेले, कुणी म्हणायचं वाटेतच काही झालं. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. घड्याळाबद्दल पाटलांनी शब्द काढला नाही. उठताना मात्र दाराशी थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “मिस्त्री, इथं मानसं गेल्यात, आन् मला घड्याळाची याद येती. लई लाज वाटती बगा.”

घड्याळासाठी रडणारी माणसं मी धंद्यात खूप पाहिली होती, आणि त्यातलं कुणीही निव्वळ घड्याळासाठी रडत नसतं, हे मला माहीत होतं. तेवढंच त्यांना सांगितलं.

भावकीनं पाटलांना समजावलं की पेशकाराचं घड्याळ आता तुमचंच समजा, एकाच्या बदली एक, फिटंफाट झाली. पाटलांनी गंजीतून ते बाहेर काढलं, माझ्याकडून त्यातला कडब्याचा भुस्सा झाडून घेतला आणि घरी टांगलं. पण दर शुक्रवारी दुपारी ते रानातून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि मगच किल्ली द्यायचे. मालक आला आणि त्याला बंद घड्याळ दिसलं तर काय सांगायचं, असं म्हणायचे. भावकीला ते खुळ्यासारखं वाटायचं. मी मालक येईल ही आशा सोडली होती, पण तसं त्यांना कधी म्हटलं नाही.

तुरी काढणीला आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. नळदुर्गाकडून येणारी मोटार चौकात थांबली आणि उतरलेला माणूस सरळ माझ्या दुकानाकडं आला. शेरवानी अंगावर ढिली झालेली, दाढी पांढरी. मी ओळखलं ते चालीवरून. काखेत एक मोठं गाठोडं होतं. मी उठून हात धरायच्या आत पेशकारसाहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडायला लागले. आत बेगमसाहेबांची एक रजई, रजईत पाटलांचं घड्याळ. लंबक काढून वेगळा, दुपट्ट्यात बांधलेला.

“मिस्त्री, आधी ह्याची चाल बघा,” ते म्हणाले. “मोटारीत धक्के लई बसले. पाटलाला निरोप मागून धाडा.”

मी घड्याळ खुंटीला टांगलं. लंबक अडकवला आणि कान दिला. चाल स्वच्छ होती. किल्ली कालच दिलेली दिसत होती, आणि आदला दिवस सोमवार होता. मग मी बाकीच्या घड्याळांचं विचारलं. ती राहिली, असं ते म्हणाले. रात्रीतून निघावं लागलं, टांग्यात माणसांनाच जागा नव्हती, एक गाठोडं कसंबसं मांडीवर घेता येत होतं.

“बेगम म्हणत होती, आपल्यातलं एखादं तरी घ्या. मी म्हटलं, आपली गेली तर आपली गेली. हा पाहुणा हरवला तर पाटलाला तोंड कसं दाखवू?”

मुलीकडं हैदराबादेला त्यांनी ते टांगलं होतं. जावयानं इथंच राहा म्हणून फार आग्रह केला. पण सुगी जवळ आली तसे ते अस्वस्थ झाले. मुदत संपायच्या आत पाहुणा पोचवायला हवा, आणि तो स्वतःच्या हातानं. बेगमसाहेब मागून येणार होत्या, घर राहण्याजोगं आहे का ते बघून. घराचं मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. बहुतेक त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाटील बैलगाडीतून आले. मांडीवर पेशकारसाहेबांचं घड्याळ. आत येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पेशकारसाहेबांकडं बघितलं आणि मग खुंटीकडं. आपल्या घड्याळाशी जाऊन त्यांनी त्याच्या लाकडाला कान लावला. तेवढ्यात टोले पडले. पाटील तिथंच उभ्या उभ्या रडले, अगदी लेकरासारखे. पेशकारसाहेब जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी चहा सांगायच्या निमित्तानं पायरीवर आलो.

चहानंतर आम्ही तिघं पेशकारसाहेबांच्या घरी गेलो, त्यांचं घड्याळ टांगायला. पाटलांचं घड्याळ खुंटीवरून काढून गाडीत ठेवलं होतं; ते तिथंच राहू द्या, असं मी म्हटलं, पण पाटलांनी ते उचलून बरोबर घेतलं. मोकळ्या गाडीत कसं ठेवायचं, म्हणाले. बैठकीत शिरलो आणि पाटील उंबऱ्याशीच थबकले. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, पण ती भिंत बघितली नव्हती. पेशकारसाहेबांनी खिशातल्या रुमालानं एक खिळा पुसला आणि आपलं घड्याळ टांगलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते एकटंच टिकटिक करायला लागलं. त्यांनी मागं सरून बघितलं आणि उगाच हसले, ठीक आहे म्हणाले, एक तर आहे.

पाटील पुढं झाले. शेजारच्या खिळ्याला, जिथं ते दर पाहुणचाराला असायचं तिथं, त्यांनी वडिलांचं घड्याळ टांगलं आणि लंबकाला बोट लावलं.

पेशकारसाहेब गडबडले. मुदत संपली, ह्याच्यासाठीच मी एवढ्या लांबून आलो, तुमच्या वडिलांची वस्तू आहे, घरी घेऊन जा, असं परोपरीनं सांगू लागले. पाटील ऐकून घेत राहिले.

“कायदा हाय आपला,” पेशकारसाहेब शेवटी म्हणाले. “पाहुणा ठेवायचा तर किती दिवस, ते सांगावं लागतं.”

“तुमी हाय तवर,” पाटील म्हणाले.

पेशकारसाहेब भिंतीकडं वळले, पाटलांच्या घड्याळाच्या खालच्या कडेला दोन्ही हात लावले आणि ते सरळ करू लागले. जरा डावीकडं, जरा उजवीकडं. टिक आणि टक सारखे पडत होते, ते मला जागेवरून ऐकू येत होतं. म्हणून मी म्हटलं, “साहेब, सरळ झालंय.” त्यांनी मान हलवली, पण हात काढले नाहीत आणि आमच्याकडं वळलेही नाहीत. पाटलांनी माझा दंड धरला, आणि आम्ही दोघं बाहेर ओट्यावर येऊन बसलो.